उन्हाळी बागकाम वर्ग आणि वृक्षफेऱ्या: पैसे भरून जावं का?

गच्चीकरीण
१८ एप्रिल, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. पाचेक वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, चौथा मजला, डोक्यावर सोसायटीची गच्ची. तिथे माझ्या बावीस कुंड्या होत्या. 'होत्या' म्हणायचं कारण, गेल्या मे महिन्यात आठ दिवस कोकणात गेलो आणि शेजारच्या मुलाला पाणी घालायला सांगून गेलो. पोरगं गुणी, एक दिवस चुकवला नाही. फक्त सुट्टीत त्याची सकाळ बाराला उजाडते. त्यामुळे पाणी रोज दुपारी दोन वाजता, तेही गच्चीवर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं. परत आले तर मोगरा, ओवा, दोन जास्वंदी, सगळं उकडलेल्या पालकासारखं मान टाकून. एकटी कोरफड शाबूत होती, ती तर बहुधा आगीतही जगेल.

यंदा नव्याने मांडायचं ठरवलंय. आमच्या भागात मे महिन्यात 'गच्चीवरची बाग' असा तीन तासांचा वर्ग आहे. १८०० रुपये, कुंडी, माती, बियाणं त्यातच. शिवाय एक वृक्षओळख फेरी आहे, माणशी ३००. लेक नऊ वर्षांची आहे, तिलाही नेईन म्हणते. सासूबाई म्हणाल्या, "झाडं बघायला तिकीट? उद्या वारा खायला पावती फाडाल."

तर, असे वर्ग, फेऱ्या कोणी केल्यात का? पैसे वसूल होतात का? आणि सुट्टीत पोरीला घेऊन अजून कुठे जाता येईल?

पेठकर
१८ एप्रिल, सकाळी १०:०५

सासूबाईंना साष्टांग दंडवत. पुढचा धागा त्यांना काढू द्या.

सदाफुली
१८ एप्रिल, सकाळी ११:२०

मी तीन वर्षांपूर्वी असाच एक वर्ग केला होता. पहिला तास 'मातीशी नातं' या विषयावर स्लाइड. दुसरा तास प्रत्येकाने स्वतःची ओळख करून द्यायची आणि आवडतं झाड सांगायचं. सत्तावीस जणी होत्या, एकोणीस जणींनी मोगरा सांगितला. उरलेल्या तासात कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट पाण्यात भिजवून फुगताना बघितली. घरी येताना हातात एक कुंडी आणि कोथिंबिरीचं बी. मे महिन्यात! कोथिंबीर, पालक, मेथी कडक उन्हात पानं धरण्याआधीच तुऱ्यावर येतात, हे शिकवणाऱ्या बाईंना ठाऊक नसावं किंवा पाकिटं स्वस्तात मिळाली असावीत.

उन्हाळ्यात लावायचं तर भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी, अंबाडी, माठ, तांदुळजा. ही मंडळी ऊन खाऊनच वाढतात.

एक गोष्ट मात्र तिथेच शिकले आणि ती १५०० रुपयांना (तेव्हाची फी) महाग वाटली नाही. ओली माती मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच घट्ट राहिला तर चिकणमाती जास्त. लगेच विस्कटला तर पाणी धरणार नाही. गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की मोडावा. अजून रोज तेच करते. नवरा म्हणतो लाडू वळते आहे.

वर्ग घेणारी व्यक्ती स्वतःच्या गच्चीवर नेऊन दाखवत असेल तर जा. हॉलमध्ये असेल तर नको.

टेकडीवाला
१८ एप्रिल, दुपारी १:१५

वर्गाचं माहीत नाही, वृक्षफेरीला जाच. मी स्वतः १५ वर्षं वेताळ टेकडीवर जातोय. त्यातली पहिली सात मी झाडांच्या मधून नुसता चालत होतो. मग एका फेरीत सामील झालो.

एप्रिलच्या अखेरीपासून पुढे पहाटे जाऊन बघा. वाटेवर लांब नळीची पांढरी फुलं पडलेली दिसतील, कडा चुरगळलेल्या, टिश्यू पेपरसारख्या. ही मेडशिंगी. रात्री उमलते, सकाळी गळते, त्यामुळे आठ वाजता फिरायला जाणाऱ्यांना झाडावर काहीच दिसत नाही आणि ते म्हणतात टेकडी सुकलीय. वास मंद, फूल उचलून नाकाशी नेल्याशिवाय कळत नाही. नाव शेंगेवरून पडलंय, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली लांब शेंग. हे मला फेरीतल्या बाईंनी ३०० रुपयांत सांगितलं नसतं तर अजून सात वर्षं मी त्या फुलांवरून बूट घालून गेलो असतो.

@पेठकर, आता 'टेकडी फुकट आहे' असं लिहू नका. टेकडी फुकटच आहे, डोळे विकत घ्यावे लागले.

पेठकर
१८ एप्रिल, दुपारी १:२२

लिहिणारच होतो. टाइप करून झालं होतं.

शंकासुर
१८ एप्रिल, दुपारी ३:५०

मूळ प्रश्नच चुकलाय. बागकामाचे वर्ग मे महिन्यात का? कारण मुलांना सुट्टी आणि आयांना रिकामा वेळ. झाडाला कोणी विचारलंय? भर उन्हाळ्यात कुंडी बदलली की मुळं दुखावतात, त्यात ४० डिग्री. मृगाचा पाऊस पडला की लावा, निम्मं काम आकाश करतं. पण पावसाळ्यात झाडं आपोआप जगली तर वर्गाला कोण येणार?

हापूसवाडी
१८ एप्रिल, सायंकाळी ५:३०

शंकासुर यांना चक्क अनुमोदन. (तारीख लिहून ठेवा.)

आमच्या रत्नागिरीकडे आंब्याचं कोय कलम जून ते ऑगस्टच करतात. हवेत दमटपणा हवा, नाहीतर जोड सुकतो. खाल्लेल्या आंब्यांच्या कोया रुजवायच्या, रोप दहा-पंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आणि काडी लुसलुशीत आहे तोवर वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची. हव्या त्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी घेऊन तिला पाचरीसारखी धार काढायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. सांगायला एवढंच. माझ्या पहिल्या ५० कलमांतली चार जगली. वडील म्हणाले, "चार जगली म्हणजे तुझी चूक नाही, त्यांची जिद्द."

ताई, हात बसवायचा वर्ग करायचा असेल तर पावसाळ्यात कलमांचा करा. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र असतं, तिथे चौकशी करा. फी किरकोळ, आणि शिकवणाऱ्याच्या खिशात कलमाचा चाकू असतो.

मायाळू
१८ एप्रिल, रात्री ९:१०

वर्ग पावसाळ्यात करा हे खरं, पण आत्ता जे जिवंत आहे ते जूनपर्यंत पोहोचायला नको का?

१. पाणी सकाळी आठच्या आत, नाहीतर उन्हं उतरल्यावर. पाइपातलं पहिलं गरम पाणी बादलीत काढायचं, नंतरचं झाडाला.
२. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या. याने निम्मं युद्ध जिंकलं.
३. हिरवी शेडनेट, ५० टक्क्यांची. ७५ ची घेतलीत तर भेंडीला फुलंच धरणार नाहीत.
४. गावाला जाताना कुंड्या सावलीत एकत्र दाटीने ठेवायच्या. प्रत्येक कुंडीत सुती दोरीचं एक टोक मातीत खोल, दुसरं पाण्याच्या बादलीत, बादली थोडी उंचावर. दोरी पाणी ओढत राहते. शेजारच्या गुणी मुलाची गरज नाही.

मोठ्या कुंडीत मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवलं तरी झिरपत राहतं. मडकं रंगवलेलं नको.

गच्चीकरीण
१८ एप्रिल, रात्री ९:३५

मायाळू ताई, दोरीचं आधी कळलं असतं तर! त्या मुलाने आज मला जिन्यात गाठून विचारलं, "काकू, यंदा पण जाणार का? मी मोकळा आहे."

हॉल की गच्ची ते विचारून घेतलं. गच्ची आहे. अजून ठरत नाहीये.

आजोबा_१९५२
१९ एप्रिल, पहाटे ५:४५

आमच्या वेळी निसर्गफेरी म्हणजे शाळेतून घरी येणं. साताऱ्याला शाळेच्या आवारात चार गुलमोहर होते. उन्हाळ्यात फुलले की आम्ही खालची फुलं गोळा करायचो. बाहेरच्या हिरव्या-लाल पाकळ्या सोलून नखांवर चिकटवायच्या, झाली राक्षसाची नखं. आतले लांब तुरे काढून त्यांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायचं. ज्याच्या तुऱ्याचं डोकं तुटलं त्याचा कोंबडा मेला. पाच पाकळ्यांतली एक वेगळी असते, तिच्यावर पांढरे-पिवळे ठिपके. तीच खायची, आंबट लागते. आज नातवाला दिली तर सुनेने आधी मोबाइलवर बघितलं की विषारी आहे का.

एवढं सगळं ३०० रुपयांत शिकवत असतील तर जरूर जा.

शंकासुर
१९ एप्रिल, सकाळी ८:३०

काका, आठवण छान, पण गुलमोहर आपला नाही. मादागास्करचा. खाली गवत उगवू देत नाही, वाऱ्यात फांद्या मोडून गाड्यांवर पडतात. फेऱ्यांमध्ये हे सांगतात का? की 'वा वा काय लाल' म्हणून फोटो काढून घरी?

टेकडीवाला
१९ एप्रिल, सकाळी ८:५२

शंकासुर, ज्या झुडपाचं नाव आपण आयडी म्हणून मिरवता ते मूळचं वेस्ट इंडिजकडचं. हलके घ्या.

पेठकर
१९ एप्रिल, सकाळी ८:५३

खुर्ची घेऊन बसलोय. कोणी शेंगदाणे आणा. (दक्षिण अमेरिका.)

सदाफुली
१९ एप्रिल, सकाळी ९:१५

मग मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई, काजू सगळ्यांना परत पाठवा. उपासाला वरई खाऊन बसा.

शंकासुर
१९ एप्रिल, सकाळी १०:४०

आयडी बदलून 'बहावा' घेतो, तो तरी इथला. पण मुद्दा राहतोच. ताटात काय वाढता तो प्रश्न वेगळा, रस्त्याच्या कडेला सरकारी खर्चाने काय लावता तो वेगळा. लाल हवा तर पांगारा आहे, जांभळा हवा तर ताम्हण आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल, बरोबर महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला बहरात असतं. किती जणांनी ओळखून पाहिलंय? हात वर करा.

गच्चीकरीण
१९ एप्रिल, सकाळी ११:००

माझा हात खाली. :(

मोहोर
१९ एप्रिल, दुपारी १२:३०

मुंबईकर असाल तर राणीच्या बागेत जा. लोक पेंग्विन बघून परत येतात. बाग १८६२ची, प्राणी नंतर आले, आधी ही झाडांचीच बाग. तिथे गोरखचिंच आहे, खोडाला मिठी मारायला सात-आठ पोरं लागतात. ब्रह्मदेशातली उर्वशी आहे, तिचे फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. कैलासपती आहे: फुलात मधोमध पिंड, वर नागाचा फणा. बायका हात जोडतात, आणि झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, हे सांगायची माझी हिंमत होत नाही. बुधवारी बाग बंद असते, एकदा ठाण्याहून चार पोरं घेऊन बुधवारीच गेलेय.

दुसरं, माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, ३७ एकर. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत. आत उभं राहिलं की पायाखाली कचऱ्याचा डोंगर होता यावर विश्वास बसत नाही. नऊ वर्षांच्या पोरीला मी तरी आधी तिथे नेईन. कचऱ्यावर जंगल उभं राहिलेलं बघितलं की घरच्या कंपोस्टच्या डब्याला नाक मुरडत नाहीत.

बीमकॉलम
१९ एप्रिल, रात्री ८:२०

झाडातलं काही कळत नाही, पण गच्चीतलं कळतं म्हणून लिहितो. वर्ग असोत नसोत, वजनाचा हिशेब आधी करा.

वापरात असलेल्या गच्चीसाठी आम्ही डिझाइनमध्ये चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतो. आता २०० लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापून लोक आंबा लावतात. १०० लिटर ओली माती म्हणजे दीडशे किलोच्या वर, आणि ते सगळं जेमतेम पाव चौरस मीटरवर. असे दहा ड्रम गच्चीच्या मधोमध ओळीत मांडलेले मी बघितलेत.

जड कुंड्या कडेला, कॉलम-बीमच्या वर. मधे हलक्या. मातीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत मिसळून वजन निम्म्यावर आणा. कुंडीखाली विटा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि स्लॅब सुकतो. आणि वॉटरप्रूफिंग झालेल्या कोब्यावर पहारीने काही ठोकू नका, हात जोडतो.

पेठकर
१९ एप्रिल, रात्री ८:४५

आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या बागेवरून तीन वर्षं सर्वसाधारण सभा गाजतेय. पाचव्या मजल्यावरचे म्हणतात छतातून पाणी ठिबकतं, बागवाल्या वहिनी म्हणतात ते तुमच्या एसीचं आहे. शेवटी प्लंबर आणला. पाणी टाकीच्या पाइपातून येत होतं. दोन्ही पक्ष निराश झाले.

मायाळू
१९ एप्रिल, रात्री ९:३०

आमच्याकडे वास हा मुद्दा होता. मी जीवामृत, म्हणजे झाडांसाठी घरगुती पातळ खत, करायचे: २० लिटर पाणी, किलोभर देशी गाईचं शेण, लिटरभर गोमूत्र, पाव किलोच्या आत गूळ, तेवढंच बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून दोन-तीन दिवस, रोज काठीने ढवळायचं. बाल्कनीत ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी महापालिकेत तक्रार केली की 'गॅस गळती'. अग्निशमन दलाचे दोघे आले, झाकण उघडलं आणि त्यातला एक म्हणाला, "अहो, आमच्या शेतात पण करतात." बाटली भरून घेऊन गेला.

नागपुरी_तडका
२० एप्रिल, दुपारी २:१०

तुम्ही पुणेकर ४० डिग्रीला उन्हाळा म्हणता हे वाचून कूलरपुढे बसून हसतो आहे. इकडे ४५ ला कोरफड पण सावली मागते.

सुट्टीतल्या निसर्गसहलीचं विचारलंय तर माझा अनुभव सांगतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग ताडोबाच्या बफरमध्ये (गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यात) आणि इतर जंगलांत मचाणावर बसू देतो, 'निसर्गानुभव' म्हणतात. उन्हाळ्यात पाणवठे आटलेले, जे दोन-चार उरतात तिथे जनावर येणारच, आणि पौर्णिमेचा उजेड. आधी नाव नोंदवावं लागतं, जागा लवकर संपतात.

मी मेव्हण्यासोबत गेलो. दुपारी उन्हातच मचाणावर चढवलं, सकाळी उतरवायला येणार. सेंट नाही, भडक कपडे नाहीत, फ्लॅश नाही, बोलणं नाही. मेव्हणा गप्प बसलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. पाणवठा म्हणजे गढूळ पाण्याचं मोठं ताट. संध्याकाळपर्यंत माकडं आणि मोर. अंधार पडल्यावर रातवा पक्षी सुरू झाला, चक्-चक्-चक्-चक्र्र्र, टेबलावर पडलेला चेंडू हळूहळू थांबावा तसा. अकराच्या सुमारास एक सांबर आलं. पाण्यापासून वीस पावलांवर थांबलं. तिथून पाण्याशी यायला त्याने मोजून चाळीस मिनिटं घेतली. एक पाय उचलायचा, कान फिरवायचे, परत ठेवायचा. शेवटी मान खाली घातली, दोन घोट घेतले असतील नसतील, आणि उजवीकडे कुठेतरी काहीतरी मोडलं. गेलं. तेवढ्यासाठी आलं होतं.

पहाटे एक अस्वल आलं, डुकरासारखं फुसफुसत, आमच्या मचाणाखालून गेलं. वाघ नाही. मेव्हणा खाली उतरून पहिलं वाक्य बोलला, "वाघ दिसला नाही, पैसे वाया." मला मात्र अजून रात्री नळाचं पाणी पिताना ते सांबर आठवतं.

लहान मुलांना मचाणावर घेत नाहीत, तेव्हा पोरीला नाही नेता येणार. तुम्ही दोघं जाऊन या.

सदाफुली
२० एप्रिल, दुपारी २:४०

तडका, हे वाचून थंड पाणी घेऊन बसले. __/\__

फोंडेकर
२० एप्रिल, सायंकाळी ६:००

गोंयात आमच्या फोंड्याकडे मसाल्याच्या बागा दाखवतात. पर्यटकी थाट आहे, दारात कुंकू आणि माळ, शेवटी जेवण, आणि निघताना मानेवर थंड पाण्याचा तांब्या ओततात तेव्हा परदेशी लोक किंचाळतात. तरी पोरांना न्या. मिरीचा वेल सुपारीवर कसा चढतो, जायफळाच्या फळात लाल जायपत्री कशी गुंडाळलेली असते, हे डब्यातून कळत नाही. जायफळाचं नर झाड वेगळं, मादी वेगळी. शेजाऱ्याने सहा वर्षं सांभाळलं आणि नर निघाला.

व्हॅनिलाचं फूल मात्र दाखवायला सांगा. मूळ मेक्सिकोचं, इथे त्याचं परागण करणारी माशीच नाही, म्हणून प्रत्येक फूल हाताने, काडीने फळवावं लागतं, तेही सकाळीच, कारण दुपारी मिटतं. ही युक्ती १८४१ मध्ये रेयुनियन बेटावरच्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. बारा वर्षांचा! माझ्या मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग त्याला किती पैसे मिळाले?" मी गप्प.

निळू_जर्सी
२१ एप्रिल, सकाळी ७:१५

न्यू जर्सीहून. आमच्याकडे उलटं दुःख. इथे मेच्या मध्यापर्यंत दव गोठायची भीती, त्यामुळे 'उन्हाळी बाग' मेच्या शेवटी सुरू आणि ऑक्टोबरात संपली. कढीलिंबाला थंडीत घरात आणून खिडकीशी ठेवतो, माणसासारखा. एका हिवाळ्यात हिटरच्या झोतासमोर ठेवला, तीन दिवसांत काडी झाली.

इथे विद्यापीठाची विस्तार केंद्रं असतात, त्यांनी तयार केलेले स्वयंसेवक माळी लोकांच्या प्रश्नांना फुकट उत्तरं देतात. मी पडवळ घेऊन गेलो, कीड दाखवायला. तिघांनी मिळून आधी पडवळाचेच फोटो काढले.

काजवेप्रेमी
२१ एप्रिल, सकाळी १०:००

कोणी काजव्यांचं नाव घेतलं नाही? मेच्या शेवटी ते पावसाचा जोर धरेपर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीकडे. हिरडा, सादडा, आंबा, आख्खी झाडं एका तालात पेटतात-विझतात.

शंकासुर
२१ एप्रिल, सकाळी १०:२०

आणि आख्खं पुणे एका तालात गाड्यांचे हेडलाइट लावून तिथे. काजव्याचा उजेड म्हणजे मादीला बोलावणं. तुम्ही मोबाइलचा टॉर्च मारला की ते बोलावणं तिच्यापर्यंत पोहोचत नाही. माद्या आणि अळ्या जमिनीवर, गवतात, नेमक्या लोक जिथे पाय देतात तिथे. एका रात्रीच्या फोटोसाठी पुढच्या वर्षीचे काजवे तुडवायचे.

काजवेप्रेमी
२१ एप्रिल, सकाळी ११:४५

पटतं. पण गावातल्या लोकांना त्या तीन आठवड्यांत चार पैसे मिळतात, चुलीवरची भाकरी, मुक्काम. बंदच करा म्हणणं शहरात बसून सोपं. आम्ही आता शनिवार-रविवार टाळतो, गावातलाच वाटाड्या घेतो, गाडी गावात ठेवून चालत जातो, टॉर्चला लाल कागद. वनविभागाचे वेळेचे नियम आहेत, ते पाळतो.

शंकासुर
२१ एप्रिल, दुपारी १२:०५

एवढं करत असाल तर मीही येतो. मधल्या वारी.

टेकडीवाला
२१ एप्रिल, दुपारी १२:१०

(पुन्हा तारीख लिहून ठेवा.)

आजोबा_१९५२
२२ एप्रिल, पहाटे ५:३०

आमच्या समोरचा बहावा काल फुलला. आई म्हणायची, बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. वेधशाळेचं काय म्हणणं आहे?

पेठकर
२२ एप्रिल, सकाळी ९:००

काका, आमच्या पेठेत महापालिकेने रस्ता खणला की आठवड्यात पाऊस. बहाव्यापेक्षा खात्रीचं.

गच्चीकरीण
१२ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, कारण आपण सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि मी गायब झाले.

दोन्ही केलं. आधी वृक्षफेरी. सासूबाई "बघू तरी काय तिकीट लावतात" म्हणून स्वतःच आल्या. वीस जण, सकाळी साडेसहा. दाखवणारे काका प्रत्येक झाडाखाली दहा मिनिटं. तिसऱ्या झाडाशी त्यांनी विचारलं, "हे कोणतं?" सगळे गप्प. सासूबाई मागून म्हणाल्या, "भोकर. लोणचं घालतात." पाचव्याला परत त्याच: "करंज, तेल काढतात, खरजेला." मग "वायवर्णा, ह्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी." आठव्या झाडापर्यंत लोक काकांच्या मागून सरकून त्यांच्याभोवती गोळा झाले होते. काकांनी वही काढली आणि लिहून घ्यायला लागले. लेक आजीचा हात धरून अशी चालत होती जशी ही फेरी तिच्याच घरची आहे. परत येताना सासूबाई रिक्षात म्हणाल्या, "आमच्या वेळी ह्याचे पैसे मिळत असते तर."

ताम्हणही बघितलं. शंकासुर, हात वर. फूल हातात घेतलं तर पाकळ्या क्रेपच्या कागदासारख्या चुरलेल्या, इस्त्री करावीशी वाटते.

आता वर्ग. सदाफुली, तुमचं ऐकून गच्चीवरचाच केला. १८०० रुपयांतले हजार तरी वसूल झाले असं म्हणेन. मुठीची परीक्षा होती. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांसाठी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी, फवारणी संध्याकाळीच, उन्हात पानं जळतात. हे करून दाखवलं. गांडुळखताच्या डब्यात हात घालायला लावला, लेकीने घातला, मी नाही घातला. वजनाबद्दल मीच बीमकॉलम यांचा हिशेब सांगितला तर बाईंचा चेहरा उतरला, त्यांचे नऊ ड्रम मधोमध होते.

फुकट मिळालेल्या सामानात पुदिन्याचं रोप होतं, वर 'किंमत ८०' अशी चिठ्ठी. घरी आणून कौतुकाने खिडकीत ठेवलं. सासूबाईंनी त्याच दिवशी भाजीवालीकडच्या दहा रुपयांच्या जुडीतल्या चार काड्या पानं खुडून पेल्यात ठेवल्या, आठवड्याने मुळं फुटल्यावर फुटक्या डब्यात खोचल्या. आज दोन्ही शेजारी शेजारी आहेत. ८० वाला अजून विचार करतोय. डब्यातल्याची काल चटणी झाली.

सदाफुली
१२ मे, रात्री १०:४०

सासूबाईंचा आयडी कधी काढताय?

हापूसवाडी
१३ मे, सकाळी ७:००

आंबे खाऊन झाले की कोया फेकू नका, धुऊन सावलीत ठेवा. जूनमध्ये इकडे या, कलमं शिकवतो. फी नाही. त्या भोकराच्या लोणच्याची बाटली आणा.

गच्चीकरीण
१३ मे, सकाळी ९:२०

निरोप पोचवला. सासूबाई म्हणाल्या, "बाटली एक का, दोन नेऊ." आणि पाच मिनिटांनी परत आल्या, "पण तिकडे जाणार तर इथे पाणी कोण घालणार?"

शेजारच्या मुलाला दोरी कशी लावायची ते शिकवतेय. उठला की.